रस्ता ओलांडायचे बारा सेकंद

पत्रिकेत विषय छापलाय ‘शहरात मोटार, बस, सायकल आणि पायी चालणं यांचा मेळ’. त्याकडे येतोच. आधी, मोटारीने आलेल्यांनी जरा हात वर करा. घाबरू नका, किल्ल्या काढून घेणार नाही! रात्री-अपरात्री घरातल्या आजारी माणसाला हलवायचं असेल तर मोटारच लागते, हे मला मान्य आहे. पण हा मेळ जमायचा असेल तर सुरुवात झेब्रा पट्ट्यांपासून करावी लागेल, असं मला मनापासून वाटतं.

सिग्नलवर पायी ओलांडायचा वेळ काढताना बऱ्याच देशांत चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. चार लेनचा रस्ता म्हणजे साधारण १४ मीटर, म्हणून बारा सेकंद. पण गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात. बारा सेकंद संपतात तेव्हा त्या तिसऱ्या लेनमध्ये असतात आणि पुढची अख्खी लेन बाकी असते. एकदा चौकात मी पाहिलं, अशाच एक बाई दुभाजकाशी थबकल्या. पिशवी छातीशी धरलेली, आणि पदराला वारा लागेल इतक्या जवळून गाड्या चाललेल्या. मी संबंधित कचेरीत अर्ज दिला, वेळ वाढवा म्हणून. उत्तर आलं, वाहतूक तुंबेल. अहो, त्या बाई वाहतुकीत येत नाहीत का? याचा राग मला अजून आहे. सिंगापूरमध्ये २००९पासून ज्येष्ठांनी सिग्नलच्या खांबाला आपलं कार्ड लावलं की हिरवा दिवा जास्त वेळ राहतो. म्हणजे हे करता येतं!

आता बसचं. जायचा थांबा या बाजूला आणि यायचा थांबा समोर. म्हणजे बसने जा-ये करणाऱ्याला दिवसातून एकदा तरी हाच रस्ता ओलांडावा लागतो. तिथे जीव मुठीत धरावा लागला, तर घरातली माणसंच म्हणतात, “राहू दे, मी गाडीने सोडतो.” नवी बस दाराशी असूनही त्या आजी बसने जात नाहीत, आणि रस्त्यावर एक मोटार वाढते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग स्टॉकहोमचं पटकन सांगतो, कारण मुख्य मुद्दा तोच आहे. तिथे २००६च्या जानेवारीत शहराच्या मध्यभागात मोटार न्यायला शुल्क लावलं, सात महिन्यांच्या प्रयोगापुरतं. जादा बसगाड्या मात्र २००५च्या ऑगस्टमध्येच सुरू केल्या होत्या. आधी सोय, मग शुल्क. हद्द ओलांडणारी वाहनं सुमारे एक पंचमांश घटली. प्रयोग थांबल्यावर गर्दी पुन्हा वाढली. लोकांनी दोन्ही दिवस पाहिले, सप्टेंबरात मतदान झालं, शहराचा कौल शुल्काच्या बाजूने गेला, आणि २००७मध्ये ते कायम झालं.

पार्किंगचंही तेच. उभी मोटार दिवसभर रस्त्याची जागा अडवते, तिचं भाडं घ्या आणि त्या पैशांतून फूटपाथ सलग करा. सायकलवर बरंच बोलायचं होतं. एकच सांगतो, सायकलची लेन चौकाच्या अलीकडे संपवू नका. अपघाताची भीती चौकातच असते, आणि पालक मुलांना सायकल द्यायची की नाही, हे तो चौक पाहूनच ठरवतात. बाकीचं प्रश्नोत्तरांत बोलू.