भिजत पडलेलं कांबळं

(पुण्याचा जुना बाजार, रविवार सकाळ. हातात काडेपेटी.)

काडी ओढली. कांबळ्याच्या दशीतला एक धागा ज्योतीत धरला. धागा चुरचुरला, आक्रसला आणि काडी बाजूला घेताच आपला आपण विझला. वास आला तो केस जळल्याचा. बोटांत चोळल्यावर काळी राख भुरभुरली. एवढं झाल्यावर मी घासाघीस सुरू केली.

ही परीक्षा मला फुकट नाही कळली. मागच्या थंडीत मी एक कांबळं घेतलं होतं. त्यावर 'शुद्ध लोकर' अशी चिठ्ठी होती. घरी येऊन धागा जाळला, तर त्याचा टणक, चकचकीत मणी झाला. म्हणजे अ‍ॅक्रिलिक. ते कांबळं आता कुत्र्याचं अंथरूण आहे आणि कुत्र्याची काही तक्रार नाही.

आपल्या बाजारात येणारी पुष्कळशी कांबळी पानिपतची असतात. तिथे जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचे तंतू मोकळे करून पुन्हा कातायचा मोठा धंदा आहे. या मालाला शॉडी म्हणतात. पांघरायला तो ठीक आहे. पण त्यात तंतू आखूड झालेले असतात, वर बहुतेक वेळा कृत्रिम धागाही मिसळलेला असतो. मला जे करायचं होतं, त्याला लांब तंतूची खरी लोकर हवी होती. मला या कांबळ्याचं जाकीट शिवायचं होतं. डोंगरात घालायचं, टोपीसकट.

(न्हाणीघर. टब. वाफ.)

आणलेलं कांबळं दीडशे सेंटिमीटर रुंद, सव्वादोनशे लांब आणि वजनाला सव्वादोन किलो होतं. आणल्या आणल्या त्याला कात्री लावायची नाही. आधी त्याला आटवायचं.

लोकरीचा तंतू भिंगाखाली पाहिला, तर त्यावर खवले दिसतात. कौलारू घरावरची कौलं जशी एकावर एक, एकाच उतरणीला रचलेली, तसे. गरम पाणी आणि साबण मिळाला की हे खवले थोडे उचलले जातात. मग चोळलं, तुडवलं की तंतू एकमेकांत सरकतात आणि अडकून बसतात. पुढे सरकलेला तंतू खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाही. कापड आटतं, जाड होतं, विणीतली भोकं बुजतात. स्वेटर चुकून गरम पाण्यात गेला की घरात जे रामायण होतं, तेच इथे मुद्दाम घडवून आणायचं.

युरोपात हे काम शेकडो वर्षं पायांनी चाले. कापड हौदात टाकायचं आणि तुडवत राहायचं. इंग्लंडातलं वॉकर हे आडनाव त्या तुडवणाऱ्यांचं. फुलर हेही त्याच धंद्यातलं. लोकरीतलं तेल काढायला ते जी माती वापरत, त्याच जातीची माती आपल्याकडे मुलतानी माती म्हणून चेहऱ्याला फासतात.

मीही तुडवलं. तीन दिवस, रोज अर्धा तास. आई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, तुझं हे भिजत घोंगडं न्हाणीतून कधी निघणार?"

म्हण कुठून आली असेल, ते मला चौथ्या दिवशी समजलं. भिजलेली लोकर इतकं पाणी धरून बसते की ती पिळताही येत नाही आणि उचलताही येत नाही. दोघांनी मिळून ती गच्चीवर नेली आणि खाटेवर आडवी पसरली. दोरीवर टांगली असती, तर स्वतःच्या ओझ्याने ताणून वेडीवाकडी झाली असती. वाळायला अडीच दिवस लागले. वाळून मापं घेतली, तर रुंदी 138 आणि लांबी 208. हाताला आता ते कापड कमी आणि नमदा जास्त वाटत होतं. कडेचा धागा ओढून पाहिला, सुटला नाही. कापल्यावर कड उसवणार नाही, ही खात्री पटली. या जाकिटाची सगळी शिवण त्या खात्रीवर उभी आहे.

(नकाशा: उत्तर अमेरिका, ह्युरॉन सरोवर.)

कांबळ्याचा कोट ही कल्पना माझी नाही, हे सांगायला हवं. कॅनडात फ्रेंच वसाहतवाले, फरच्या व्यापाराच्या होड्या वल्हवणारे नावाडी आणि मेती, म्हणजे तिथले मूळ रहिवासी आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाचे लोक, असे कोट घालत. त्याला कपोत म्हणतात. टोपी असलेला, गुडघ्यापर्यंत येणारा, गुंड्यांऐवजी कमरेला रंगीत विणलेल्या पट्ट्याने आवळलेला. त्यासाठी लागणारी कांबळी इंग्लंडातून येत. विटनी नावाच्या गावात, विंडरश नदीच्या काठी, ती विणली आणि आटवली जात. फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी 1780 च्या सुमारापासून ती नियमाने व्यापारासाठी पाठवू लागली.

या कांबळ्यांच्या कडेला काळ्या आखूड रेघा विणलेल्या असतात, कुठे तीन, कुठे साडेतीन, कुठे चार. कांबळं बीव्हर या फरवाल्या प्राण्याच्या किती कातड्यांना मिळेल ते या रेघा सांगतात, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. रेघा आकार सांगतात. गठ्ठ्यात घडी करून ठेवलेलं कांबळं न उलगडता केवढं आहे ते कळावं, इतकाच हेतू.

आणि मग 1811 चा हिवाळा. ह्युरॉन सरोवरातल्या सेंट जोसेफ बेटावर ब्रिटिशांचं एक आडबाजूचं ठाणं होतं. कॅप्टन चार्ल्स रॉबर्ट्स त्याचा प्रमुख. शिपायांना पांघरकोट हवे होते आणि ते येण्याची चिन्हं नव्हती. कोठारात कांबळी होती. जॉन अ‍ॅस्किन या कोठाराच्या अधिकाऱ्याने बेटावरच्या बायकांना कामाला लावलं आणि त्या कांबळ्यांचे चाळीस कोट शिवून घेतले. पुढच्याच जुलैमध्ये रॉबर्ट्सने जवळचा मॅकिनॅकचा किल्ला घेतला. आखूड, छातीवर दुहेरी पडणाऱ्या 'मॅकिनॉ' जाकिटाची वंशावळ या चाळीस कोटांपर्यंत नेऊन भिडवतात. शिवणाऱ्या बायकांपैकी काही मेती होत्या. कॅप्टनचं नाव इतिहासात आहे, अधिकाऱ्याचं आहे. टाके ज्यांनी घातले, त्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

(जमिनीवर पसरलेलं कांबळं. खडू, टेप.)

आता बेत.

आमच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांना मी सोबत बसवलं. ते कांबळ्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "याला शर्टासारखं बेतू नका. गोलाई काढाल तर वाया जाईल. सगळे चौकोन धरा." कपोत शिवणाऱ्यांचाही हिशेब तोच होता. मास्तरांना कॅनडा माहीत नाही, त्यांना कापड माहीत आहे.

कांबळ्याच्या एका टोकाला रंगीत पट्टा होता. तो जाकिटाच्या घेराला आला. अख्खी 138 सेंटिमीटर रुंदी अंगाभोवती गुंडाळायची: पाठीला 54, पुढे दोन्हीकडे 42-42. पुढचे भाग एकमेकांवर भरपूर येतात, म्हणजे छातीवर लोकर दुहेरी. बाजूला शिवण नाहीच. हात घालायला फक्त दोन उभ्या चिरा. खांद्यावर जराशी तिरकी शिवण. उंची 80.

दुसऱ्या टोकाचा पट्टा बाह्यांच्या मनगटाला. दोन बाह्या काढल्यावर शेजारी जो तुकडा उरतो, तो टोपीचा. टोपी म्हणजे काय? एक आयत मधोमध दुमडायचा, मागची बाजू शिवायची, झालं. आईने तो दुमडलेला आयत पाहिला आणि म्हणाली, "ही तर कुंची." खरंच की. तान्ह्या बाळाची कुंची आणि नावाड्याची टोपी, दोन्हींची बेतणी एकच.

बगलेत मात्र मास्तर अडून बसले. चौबगला हवाच. चौबगला म्हणजे बगलेत कर्णावर बसवायचा लहानसा चौकोनी तुकडा. तो नसेल तर हात वर करताना अख्खं जाकीट वर चढतं. कड्याला धरून चढणाऱ्याला हे परवडत नाही.

(शिलाई मशीन, जवळून. खटकन आवाज.)

पहिली सुई तिसऱ्या टाक्याला मोडली. चौदा नंबरची होती. सोळा लावली, तिने निभावलं. पण जिथे खांदा, बाही आणि टोपी एकत्र येतात तिथे अठराच लागली. टाका चार मिलिमीटरचा ठेवला. बारीक टाका लोकरीत रुतून दिसेनासा होतो आणि चुकला तर उसवायला सापडत नाही. दाबपट्टीचा दाब सैल केला, नाहीतर वरचा थर पुढे ढकलला जातो आणि खालचा मागे राहतो.

मुख्य चूक मी पहिल्या बाहीवर केली. नेहमीसारखी शिवण घेतली, उलटं तोंड करून, दीड सेंटिमीटर माया ठेवून. खांद्यावर बोटाएवढा जाड वळ आला. त्यावर सॅकचा पट्टा आला की काय होईल, विचार करा. सगळं उसवलं. मग दुसरी रीत धरली. एक कड दुसरीवर सरळ चढवायची आणि दोन समांतर टिपा मारायच्या. आत दुमड नाही. आटवलेल्या लोकरीची कड उसवत नाही, म्हणून हे चालतं. तीन दिवस तुडवल्याचं इथे फळ मिळालं.

बगलेतल्या कोपऱ्यात मशीन पोहोचत नाही. तिथे हाताने, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने उलटी टीप. उघड्या कडांना काजटाका. एका संध्याकाळी हातभर कड होते, जास्त नाही. गुंड्या लाकडी, मोठ्या, थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही सापडतील अशा. मानेला लोकर टोचायला लागली, तेव्हा आईने जुन्या सुती लुगड्याची पट्टी आतून लावून दिली. जाकीट तयार झालं, वजन पावणेदोन किलो.

हलकं नाही. घडी करून सॅकच्या कप्प्यात जाईल असंही नाही. फ्लीस यापेक्षा कितीतरी हलकं आणि धुवायला सोपं. मग हे कशाला? लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ती ओल शोषताना थोडी उष्णता सोडते. चढावर घामाने भिजून वाऱ्यात उभं राहिल्यावर हा फरक पाठीला कळतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यात मात्र हे कपाटातच ठेवायचं. चिंब झालं की टबातलं ते भिजत घोंगडं पाठीवर घेऊन गड चढावा लागेल. आणि कपाटातही कसर लागू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

(रात्र. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनई. शेकोटी.)

जानेवारी. शेकोटीभोवती पाच-सहा जण. लाकूड तडकलं आणि एक ठिणगी माझ्या बाहीवर पडली. शेजारच्या पोराच्या विंडचीटरला मघाशी अशाच ठिणगीने भोक पडलं होतं, कडा वितळलेलं. माझ्या बाहीवर काळा ठिपका उमटला. नखाने खरवडला, गेला. वास तोच, जुन्या बाजारातला.

समोर एक म्हातारबाबा बसले होते. अंगावर काळी घोंगडी, कोपरा आत दुमडून केलेली खोळ डोक्यावर. देशी मेंढीची लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. त्या खळीने घोंगडी ताठ राहते आणि पाऊस काही वेळ वरूनच ओघळून जातो. एक टाका नाही, एक गुंडी नाही.

त्यांनी माझी बाही चिमटीत धरून पाहिली. चौबगला पाहिला, टोपी मागेपुढे करून पाहिली. मी सांगितलं, अख्ख्या कांबळ्याचं आहे, मीच शिवलं.

"ब्येस झालंय," बाबा म्हणाले. मग स्वतःची खोळ मोडली, घोंगडी झटकली, पायापासून मानेपर्यंत ओढून घेत तिथेच आडवे झाले.

"पर आरं, कापलंस व्हय सगळं? आन् आता रातीला पांघरायचं काय?"