चढणीवरची ओढ

(दृश्य : इगतपुरी तालुका, जुलै महिना. भाताची खाचरं, पाऊस, चढणीवर थांबलेली जीप.)

आवणीचे दिवस आहेत. खाचरात गुडघाभर चिखल, बांधावर रोपांच्या जुड्या, आणि ह्या चढणीवर एक जुनी महिंद्रा. फोर बाय फोर लागलेला आहे, लो गियरही टाकलाय. चारही चाकांनी जमीन धरलीय, एकही घसरत नाही. तरी अर्ध्या चढावर येऊन जीप दम टाकते. कमी पडतंय ते इंजिन. सायलेन्सरकडे बघा. हा काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. ज्याची ओढ व्हायची, ते असं पावसात चाललंय.

मालक सांगतात, "पूर्वी ह्याच चढावर दहा पोती खत घेऊन चढायची. आता मोकळी चढत नाही."

कोणी सांगितलं दुसरं इंजिन बसवा, कोणी सांगितलं भंगारात काढा. मालकांनी जीप नाशिकला आणली. पुढचे चार दिवस आमचा कॅमेरा तिथे होता.

(दृश्य : गॅरेज. बॉनेट उघडलेलं. चिंधीने ब्लॉकवरची माती पुसणारा हात.)

माती पुसली की इंजिनाची ओळख पटते. एक्सडीपी ४.९०. चार म्हणजे चार सिलिंडर, नव्वद म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली धाव, ८३ मिलिमीटर. हिशेब केला की २११२ सीसी. ताकद साठेक अश्वशक्ती. आजच्या मोटारींपुढे हा आकडा लहान वाटेल, पण ह्या इंजिनाची गोष्ट लहान नाही.

महिंद्राची जीप मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. स्वातंत्र्याच्या आगेमागे ती सुट्या भागांत यायची आणि मुंबईत जोडली जायची. तेव्हा ती पेट्रोलवर चालायची. पुढे पेट्रोल महागलं आणि शेतावर, धरणांच्या कामांवर, जंगलखात्यात सगळीकडे डिझेल जीपची गरज भासू लागली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून हे इंजिन बनवायचा परवाना महिंद्राला मिळाला. आणि ते बनू लागलं कुठे, तर इगतपुरीत. थळ घाट चढून आलं की लागणाऱ्या त्याच गावात. ऐंशीच्या दशकातल्या एमएम ५४० मध्ये हेच इंजिन होतं.

म्हणजे जी जीप ह्या चढावर अडकली, तिचं काळीज ह्याच तालुक्यात घडलेलं. इकडे नाशिकला सातपूरमध्ये मायकोचा कारखाना, आजचा बॉश, जिथे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बनतात. इंजिन एका बाजूला, नोझल दुसऱ्या बाजूला, मध्ये पन्नास किलोमीटरचासुद्धा रस्ता नाही. ह्या पट्ट्यात डिझेलचं काम कानाने आणि बोटांनी जाणणारी माणसं तयार झाली ती उगाच नाही. आम्हाला दाखवायची होती ती हीच माणसं.

(दृश्य : मिस्त्री. हातात पाना नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला.)

पहिला अर्धा तास मिस्त्रींनी काहीच उघडलं नाही. इंजिन चालू ठेवलं आणि ऐकलं. मग सिलिंडरला डिझेल पोचवणाऱ्या एकेका डिलिव्हरी पाइपचा नट सैल केला. पहिल्याला इंजिन अडखळलं. दुसऱ्याला अडखळलं. तिसऱ्याला आवाजात काही फरक पडला नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता, बाकीचे तिघं त्यालाही ओढत होते.

(दृश्य : ऑइल बाथ एअर फिल्टर उघडतात. तळाचा गाळ.)

पण सुरुवात हवेपासून. ह्या इंजिनाला हवा दाबून भरणारा टर्बो नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांत ते फार तर दोन लिटर आणि वर थोडी हवा ओढणार, आणि तेवढ्या हवेत जळेल तेवढंच डिझेल कामाचं. फिल्टरच्या वाटीत तेल हवं. इथे चिखलाची खीर झालेली आहे. इंजिनाचं नाक बंद होतं आणि आपण त्याला पळ म्हणत होतो.

वाटी धुतली, जाळी डिझेलमध्ये खळबळून काढली, ताजं तेल खुणेपर्यंत भरलं. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. फट मोजायच्या फिलर गेजची पाती आत सरकते ती लोण्यातून सुरी फिरावी तशी, किंचित ओढ देत. एक्झॉस्टची फट इनटेकपेक्षा जास्त ठेवतात, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि तापल्यावर लांबतो. फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, आणि दाब तिथून निसटतो.

(दृश्य : जवळून. नोझल टेस्टरवर इंजेक्टर. हँडल दाबलं जातं.)

हे बघा. आणि हे सावकाश बघा.

हा पहिला इंजेक्टर, म्हणजे नोझल बसवलेली डिझेलची पिचकारी. हँडल दाबलं, काटा वर चढला, आणि कर्रर्र असा आवाज करत डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडाला. मिस्त्री म्हणतात, नोझल "बोलला" पाहिजे. हा बोलतोय.

आता तिसरा. काटा निम्म्यातच थांबला. आवाज नाही. फवाऱ्याऐवजी एका बाजूला धार, आणि दाब सोडल्यावरही टोकाला लोंबणारा हा थेंब. सगळ्या काळ्या धुराचं मूळ त्या एका थेंबात आहे. ह्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये एक छोटी खोली असते, हवा तिथे भोवऱ्यासारखी घुमते आणि फवारा त्या भोवऱ्यात मिसळून पेटतो. धुकं लगेच पेटतं. थेंब उशिरा पेटतो, अर्धाच जळतो, बाकीचा काजळी होऊन बाहेर पडतो.

मदतीला असलेला मुलगा फवाऱ्याजवळ बोट नेतो आणि मिस्त्री त्याचा हात झटकन बाजूला करतात. "पोरा, हा फवारा कातडीतून आत घुसतो. दवाखान्यात जायला लागेल." शंभर बारच्या वरचा दाब आहे तो.

नवा नोझल बसला. दाब जुळवायला स्प्रिंगशी शिम, म्हणजे पातळ चकती, घातली. पुन्हा हँडल. अजून एक शिम. पुन्हा हँडल. चौथ्या खेपेला चारही इंजेक्टर एकाच दाबाला उघडायला लागले, आणि मिस्त्रींनी पहिल्यांदा चहा मागवला.

(दृश्य : पंपाच्या मागचा बोल्ट काढून तिथे डायल गेज. क्रँक हाताने फिरवतात.)

आता टायमिंग. पिस्टन वर येतोय, हवा दाबली जातेय, तापतेय. डिझेल नेमकं कधी सोडायचं? लवकर सुटलं तर इंजिन ठोकतं. उशिरा सुटलं तर पांढरट धूर, मंद गाडी आणि तापलेला सायलेन्सर. हे "कधी" मोजायचं साधन म्हणजे हा डायल गेज. पंपाच्या आतला, डिझेल दाबणारा प्लंजर किती उचललाय ते तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतो.

क्रँक सावकाश फिरवत काटा शून्यावर आणला. मग पहिल्या सिलिंडरच्या खुणेपर्यंत पुढे. काट्याचा आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याला पोचत नाही. पंपाचे नट सैल केले, पंप तळव्याने अगदी तसूभर इंजिनाकडे ढकलला, पुन्हा मोजलं. परत मागे. परत पुढे. आमच्या कॅमेऱ्यात हे एक तास दहा मिनिटं आहे. त्यातली दोन मिनिटं तरी तुम्ही बघावीत असा आमचा आग्रह आहे, कारण इथून निघाल्यावर हे काम कुठेच दिसत नाही. बाहेरून जीप तीच.

(दृश्य : पंपावरचा सीलबंद स्क्रू. मिस्त्रींचं बोट त्याच्याकडे.)

हा स्क्रू डिझेल वाढवायचा. गॅरेजा-गॅरेजांत "पॉवर वाढवून देतो" म्हणतात ते बहुतेक वेळा ह्याच स्क्रूचं काम असतं. अर्धा फेरा दिला की पाच मिनिटांत पिकअप वाढल्यासारखा वाटतो. मिस्त्रींनी त्याला हात लावला नाही. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवलं तर वाढतो तो धूर आणि उष्णता, आणि घाटात एखाद्या दिवशी पिस्टन वितळतो किंवा हेडला तडा जातो.

महिंद्राच्याच नव्या थार जीपचं वेगळं आहे. २०२० मध्ये आलेल्या डिझेल थारला टर्बो आहे, संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारी कॉमन रेल आहे, १३० अश्वशक्ती आणि ३०० न्यूटन मीटर टॉर्क आहे. तिथे ट्यूनिंग म्हणजे लॅपटॉप जोडून इसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, नकाशा बदलणं. त्यातही कसब आहे. पण त्यातलं काही डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते ह्या फिल्ममध्ये नाही.

(दृश्य : जुने टायर बाहेर लोळवत आणतात. शेजारी मोठे टायर.)

एक गोष्ट मात्र इंजिनाबाहेरची निघाली. दिसायला रुबाबदार म्हणून जीपला ३१ इंची टायर घातले होते. मूळचे ६.००-१६ साधारण २८ इंचांचे. म्हणजे प्रत्येक गियर दहा टक्क्यांच्या आसपास लांबला. लो गियर ओढ सुमारे अडीच पट करतो आणि त्यातला जवळजवळ दहावा वाटा नुसत्या टायरने खाल्ला होता. मालकांचा चेहरा उतरला, पण टायर उतरवले.

पीयूसी झालं. अशा जुन्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा प्रति मीटर २.४५ आहे, जीप तिच्या आत आली. इंजिन तेच राहिलं, त्यामुळे आरटीओत फेरफाराची परवानगी मागायचा प्रश्न आला नाही. खर्च झाला तो नोझल, वॉशर, तेल आणि मजुरीचा.

(दृश्य : तीच चढण. पाऊस. जीपमध्ये खताची पोती.)

मिस्त्री स्वतः शेजारच्या सीटवर बसले आहेत. काच खाली, कान बाहेर.

"दादा, रेस वाढवू नका. दुसऱ्यातच राहू द्या. खालच्या आरपीएमला ओढेल ती."

(चढणीचा पूर्ण शॉट. चाळीस सेकंद. निवेदन नाही, संगीत नाही. फक्त इंजिन.)

(दृश्य : माथा. मालक किल्लीकडे हात नेतात.)

"बंद करू नका. जरा ऐकू द्या."

(चारही सिलिंडरचा आवाज. पाऊस. काळोख.)