एप्रिलसाठी बेतलेला कुर्ता

[दृश्य : कर्वे रस्ता, दुपारी दोन. सिग्नलला थांबलेल्या दुचाकी.]

एप्रिल महिना, भर दुपार. सिग्नलला थांबलेल्या बायका-मुलींकडे नीट बघा. तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंतचे मोजे आणि या सगळ्यावर चढवलेला पांढरा सनकोट. त्या सनकोटाच्या आत बहुतेकींचा कुर्ता बिनबाह्यांचा असतो. दुकानात ‘समर कलेक्शन’ म्हणून तोच मिळतो, म्हणून तोच घेतलेला. म्हणजे आधी उन्हाळ्यासाठी कपडा घ्यायचा आणि मग उन्हापासून वाचायला त्यावर दुसरा कपडा घालायचा.

उन्हाळी कपडा म्हणजे तोकडा कपडा, ही कल्पना समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्यांची आहे. पुण्यातली बाई उन्हाळ्यात कामाला जाते, मुलांना शिकवणीला सोडते, मंडईत जाते, आणि बहुतेक वेळा स्वतःची गाडी चालवत जाते. तिला ऊन अंगावर घ्यायचं नसतं, अडवायचं असतं. इथली एप्रिलमधली हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच वाळतो; फक्त त्याला वाळायला कपड्याच्या आत जागा पाहिजे. थोडक्यात, इथल्या उन्हाळ्याला कमी कपडा लागत नाही. अंगभर, पातळ आणि सैल कपडा लागतो.

[दृश्य : नारायण पेठ. जुन्या वाड्याचा तळमजला. शिलाई मशिनचा आवाज.]

ही गोष्ट ज्यांच्या कामामुळे आम्हाला कळली, त्या डिझायनर इथे बसतात. पूर्वी या जागेत छापखाना होता. आता चार मशिन आहेत, एक लांबलचक कटिंग टेबल आहे आणि खिडकीच्या गजांना लटकवलेले ब्राउन पेपरचे पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे साचे. कॅमेऱ्यासमोर नाव सांगायला त्या तयार नाहीत; कपडा दाखवा म्हणतात. त्यांचे शिलाई मास्तर त्यांना ताई म्हणतात, आपणही ताईच म्हणू.

ताईंनी आधी एका एक्स्पोर्ट कंपनीत नमुने बनवण्याचं काम केलं. तिथे हात चांगला बसला. पण जिच्यासाठी कपडा शिवला, ती बाई तो घालून कशी बसते, कशी वाकते, हे कधीच बघायला मिळायचं नाही. म्हणून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं, तेही उन्हाळी कपड्यांपासून.

[दृश्य : रविवार पेठ, कापडगंज. सकाळ. तागे उलगडले जाताहेत.]

सुरुवात कापडापासून. दुकानदार तागा टेबलावर आपटून उलगडतो : “ताई, एकदम प्युअर कॉटन!” ताई मान डोलावतात आणि किनारीतून एक धागा ओढून घेतात. बाहेर पायरीवर येऊन तो काडीपेटीने पेटवतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांवर मऊ राख उरते. पॉलिएस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. आज राखेत बारीक खडे लागले. मिश्र सूत. तागा परत गेला.

ही चाचणी त्या टाळत नाहीत, कारण उन्हाळ्यातला सगळा फरक इथेच पडतो. साधारण हवामानात सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण जेमतेम ०.४ टक्के आहे. साध्या पॉलिएस्टरचा जॉर्जेट कुर्ता दुकानाच्या एसीत झुळझुळीत वाटतो आणि बाहेर दहा मिनिटांत पाठीला चिकटतो, तो यामुळे.

दुसरा प्रश्न जाडीचा. सुताचा काउंट जितका मोठा, तितकं सूत बारीक. बारीक सुताची मलमल हाताला लागते तेव्हा मोह होतो. पण मलमलीचा कुर्ता आरपार दिसतो, मग त्याला अस्तर लागतं, आणि अस्तर लावलं की दोन थरांत हवा कोंडते. म्हणून ताई मलमल ओढणीपुरती ठेवतात. कुर्त्यासाठी कँब्रिक हे जरा घट्ट विणीचं सुती कापड, नाहीतर अस्तराशिवाय घालता येईल अशी हातमागाची पातळ सुती. पँटसाठी पॉपलिन हे टिकाऊ सुती कापड, आणि त्यातलं बरंचसं इचलकरंजीचं. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचं रूप पालटलं. आज पुण्यातल्या बाईला चांगलं सुती कापड हवं असेल, तर ते आपल्याच राज्यात, काही तासांच्या अंतरावर विणलं जातंय.

या शहराला इथल्या कापडाचा अभिमान नवा नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादीच्या पोशाखात गेले होते. १९०५ मध्ये याच पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. हे आठवलं की ऊर भरून येतो. पण अभिमानाने कपडा एकदाच विकला जातो. स्वदेशी म्हणून घेतलेला कुर्ता काखेत रुतला, तर तो पुन्हा कपाटातून बाहेर येत नाही. ताईंचा सगळा जीव त्या दुसऱ्या वेळेवर आहे.

[दृश्य : वाड्याचं अंगण. दोरीवर वाळत घातलेलं न शिवलेलं कापड.]

आणलेलं कापड लगेच कापत नाहीत. आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता वाळवायचं, इस्त्री करायची. ४४ इंच लांबीचा कुर्ता चार टक्के आटला तर पावणेदोन इंच गेले. हे आटणं गिऱ्हाइकाच्या घरी न होता इथेच व्हावं, एवढाच हेतू. यात दोन दिवस जातात. लग्नसराईत गर्दी असली तरी ते दिवस कमी होत नाहीत.

[दृश्य : भिंतीवरचं हँडल. समोर स्टूल.]

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही खरं तर इथे आलो. ट्रायलरूममध्ये आरशाशेजारी भिंतीला एका जुन्या स्कूटरचं हँडल ठोकलंय. समोर स्टूल. इथे कुर्ता घालून नुसतं आरशासमोर उभं राहायचं नाही. स्टुलावर बसून हँडल धरायचं.

आज एका बँकेत काम करणाऱ्या काकू आल्यात. त्यांनी हँडल धरलं आणि लांब बाही मनगटावरून चांगली दोन इंच वर सरकली. त्या उघड्या पट्ट्यात घड्याळाखालची कातडी गोरी आणि वरची रापलेली, स्पष्ट रेघ दिसते.

“बाही दोन इंच वाढवू या का?” काकू विचारतात.

मास्तर लगेच म्हणतात, “वाढवली तर जेवताना आमटीत बुडेल, काकू.”

ताई बाहीला हातच लावत नाहीत. त्या काकूंच्या मागे जाऊन दोन्ही खांद्यांच्या मधोमध कापडावर बोट ठेवतात. ते कापड ताणलेलं आहे. हात पुढे गेला की पाठ रुंदावते. तिला लागणारं कापड ती कुठून तरी ओढून घेणारच, आणि बाहीतून ओढते. दोष बाहीच्या लांबीत नव्हताच, तो मुंढ्यात, म्हणजे बाही अंगाला जोडतात तिथे, आणि पाठीत होता.

उपाय दोन. पाठीवर आडव्या जोडपट्टीखाली एक प्लीट, जी उभं असताना मिटलेली राहते आणि हात पुढे गेला की उघडते. आणि काखेत चार इंचांचा चौकोनी तुकडा, कर्णात बसवलेला. हा तुकडा ताईंचा शोध नाही. जुन्या पद्धतीच्या सदऱ्यांमध्ये तो असायचाच. तेव्हा कापड सरळ चौकोनांत कापायचे, पन्ह्यातला, म्हणजे कापडाच्या रुंदीतला, तुकडाही वाया जायचा नाही, आणि हात मोकळा हलावा म्हणून काखेत ही जागा ठेवायचे. पुढे फिटिंगची आवड वाढली, मुंढा गोल आणि घट्ट झाला, आणि कारखान्यात वेळ वाचवायला तो तुकडा गळाला. तो परत आणला हे मला या सगळ्या कामातलं सर्वात मोलाचं वाटतं. काखेत हवा खेळते, घामाचा डाग कमी पडतो, आणि बाही मनगटावर राहते.

मास्तर हा तुकडा कसा बसवतात ते जवळून बघा. चारही कोपऱ्यांत सुई कापडात रोवलेली ठेवून ते दाब उचलतात, कापड फिरवतात आणि पुढची बाजू धरतात. कोपऱ्यात एक टाका पुढे गेला तर चुणी पडते, एक मागे राहिला तर भोक. घाई करायची सोयच नाही. ताई पीसवर पैसे न देता महिन्याचा पगार देतात, याचं कारण हा कोपरा आहे.

आतली शिवणही बघण्यासारखी आहे. इथे कुर्ता उलटा केला तरी एकही कड उघडी दिसत नाही. ओव्हरलॉकचा, म्हणजे कड गुंडाळणाऱ्या टाक्यांचा, दोरा घामाने ओल्या अंगाला टोचतो, म्हणून सगळीकडे फ्रेंच सीम : आधी सुलट बाजूने एक टीप, मग कड बारीक कापून कापड उलटायचं आणि ती कड आत बंद करत दुसरी टीप. वेळ दुप्पट. ही शिवण विकत घेताना कुणी बघत नाही.

खिसा अर्थातच आहे, दोन्ही बाजूंना. गाडीवर बसल्यावर बाजूच्या खिशाचं तोंड आडवं होतं आणि मोबाइल घसरतो, म्हणून तोंड थोडं पुढे घेतलंय, तिरकं. मागचा गळा उंच, मानेवर ऊन येऊ नये म्हणून छोटी उभी कॉलर.

रंगाबद्दल आम्ही विचारलं. उन्हाळ्यात पांढराच का नाही? ताईंकडे गडद निळा आहे, विटकरी आहे. वाळवंटात सैल काळे झगे घालणाऱ्या बेदुइन लोकांवर १९८० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण ती जास्तीची उष्णता अंगापर्यंत पोचायच्या आत हवेत निघून जाते, असं त्यात दिसलं. अट एकच, झगा सैल पाहिजे. घट्ट कपड्याला ही सवलत नाही. आणि मासिक पाळीच्या दिवसांत दिवसभर पांढरी पँट घालून हिंडायचा ताण काय असतो, हे बाईला वेगळं सांगावं लागत नाही. ताईंच्या पँट जवळजवळ सगळ्या गडद आहेत.

[दृश्य : मापांची वही.]

मापांवर वेगळी फिल्म होईल. भारतीय अंगासाठी मापांचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाचं देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतलं, मुंबईसह सहा शहरांत, पंचवीस हजारांहून अधिक लोकांची मापं घ्यायचं ठरवून. तोवर बाजारातली एस, एम, एल ही अक्षरं बरीचशी उसनीच. खांद्याला बसलं तर दंडात अडकतं, दंडात बसलं तर खांदा ओघळतो. चाळिशीपुढच्या किती बायका यामुळे स्वतःच्या दंडाला दोष देत दुकानातून बाहेर पडतात! दंडात काही दोष नसतो, कुर्ताच चुकीचा बेतलेला असतो. ताईंच्या कुर्त्यात दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडलेली असते. अंग बदललं की कुर्ता परत आणायचा, उसवून सैल करून मिळतो.

[दृश्य : पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब.]

पैशाचं बोलायला हवं. तुळशीबागेत किंवा कॅम्पात फॅशन स्ट्रीटवर याच्या पाव किमतीत कुर्ता मिळतो, आणि तो घेणारीचं काही चुकत नाही. ताईंचा कुर्ता दोन हजारांच्या पुढे जातो. कापड त्यातला एक भाग. मोठा भाग शिलाईचा, कारण शिवणाऱ्या तिघी आणि मास्तर यांचे पगार त्यातून निघतात. वरची मर्यादा कराने ठरवली आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या पुढे थेट १८. त्यामुळे हिशेबाचा कागद अडीच हजारांच्या आत बसेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिला जातो. लाकडी बटणं गेली, साधी आली. काखेतला तुकडा मात्र एकदाही खोडला गेला नाही.

[दृश्य : काऊंटर. धुऊन विटलेला एक कुर्ता.]

स्थानिक असण्याचा खरा उपयोग इथे दिसतो. कपडा परत येतो. एका कॉलेजच्या मुलीने तीन उन्हाळे वापरलेला कुर्ता आणलाय. रंग उतरलाय, पण शिवण शाबूत आहे. फक्त खिशाचा खालचा कोपरा किल्ल्यांनी फाटलाय. ताई तो कोपरा उजेडात धरून बराच वेळ बघतात. दुरुस्ती करून देतात आणि त्याच संध्याकाळी नव्या पॅटर्नवर त्या जागी पेन्सिलीने गोल करतात. आता तिथे आतून दुहेरी कापड लागतं.

बँकेतल्या काकूही नवा कुर्ता घालून पंधरा दिवसांनी परत आल्या. सनकोट घरी ठेवून आल्या होत्या, बाही मनगटावर होती. तक्रार कॉलरची होती : हेल्मेटचा पट्टा तिच्यावर घासतो, मानेला लागतं. मास्तरांनी खिडकीच्या गजावरचा पॅटर्नचा कागद उतरवला. ताईंनी काकूंना हेल्मेट घालून स्टुलावर बसवलं, हँडल धरायला लावलं, आणि पट्टा जिथे टेकतो तिथे खडूने खूण केली. कॉलर पुढच्या बाजूला अर्धा इंच कमी होतेय, मागे आहे तेवढीच राहील. उद्यापासून कापायचे कुर्ते याच कागदावर.