अत्यावश्यक यादीतील बंदूक

(दृश्य : कल्व्हर सिटी, कॅलिफोर्निया. पदपथावरची रांग.)

मार्च २०२०चा मध्य. लॉस एंजेलिसला खेटून असलेल्या कल्व्हर सिटीत पदपथावर लागलेली ही रांग किराणा मालासाठी किंवा औषधांसाठी नाही, ती बंदुकीच्या दुकानासमोरची आहे. हातात हत्यार कधीच न धरलेली माणसेही या रांगेत उभी आहेत. शाळांना कुलपे लागली आहेत, बाजारातली फडताळे रिकामी होत चालली आहेत आणि उद्या पोलिसांना बोलावले तर ते येतील की नाही, याचा भरवसा वाटेनासा झाला आहे. याच दिवसांत सॅन गॅब्रिएल खोऱ्यातील दुकानांत चिनी आणि इतर आशियाई वंशाचे ग्राहकही येऊ लागले. करोनाच्या साथीचे खापर आपल्या माथी फोडून कोणी अंगावर धावून येईल, अशी धास्ती त्यांना होती, आणि ती निराधार नव्हती. या माणसांना वेडगळ किंवा युद्धखोर ठरवून हा विषय समजणार नाही.

१९ मार्चला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी संपूर्ण राज्याला घरी राहण्याचा आदेश दिला. अन्न, औषधे, इंधन, बँका अशा जीवनावश्यक गोष्टींना त्यातून सूट होती. ही रांग ज्या दाराशी थांबली आहे, ते दार उघडे राहणार की बंद होणार, हे त्या आदेशावरून स्पष्ट होत नव्हते.

(दृश्य : दुकानाचा अंतर्भाग. काउंटर, अर्ज, पेन.)

काउंटरच्या काचेखाली पिस्तुले मांडलेली आहेत आणि प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी दोऱ्याने अडकवलेली आहे. मागच्या भिंतीवर रायफली आणि शॉटगन उभ्या करण्याच्या चौकटी आहेत. त्यांतल्या कित्येक रिकाम्या झाल्या आहेत. ग्राहकापुढे सरकवलेला कागद मात्र जवळून पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारचा हा ४४७३ क्रमांकाचा अर्ज परवानाधारक विक्रेत्याकडून हत्यार घेणाऱ्या प्रत्येकाला भरावा लागतो. नाव, जन्मस्थान, उंची, वजन यांनंतर 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर द्यायचे प्रश्न येतात. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरला आहात का? न्यायालयाने कोणापासून दूर राहण्याचा आदेश दिला आहे का? मानसिक आजारामुळे न्यायालयाने सक्तीने रुग्णालयात ठेवले होते का? गांजाचे सेवन करता का? या शेवटच्या प्रश्नाखाली ठळक अक्षरांत सूचना आहे की, राज्याच्या कायद्याने परवानगी असली तरी केंद्राच्या कायद्याने गांजा बेकायदाच आहे. कॅलिफोर्नियाने टाळेबंदीत गांजाची परवानाधारक दुकाने अत्यावश्यक ठरवून चालू ठेवली होती. त्या दुकानातला नियमित ग्राहक या काउंटरवर खरे उत्तर देईल, तर त्याला हत्यार मिळणार नाही.

या अर्जामागे मोठा इतिहास आहे. १९८१ साली अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांच्यावर झालेल्या गोळीबारात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि त्यांना कायमचे अपंगत्व आले. बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९९३मध्ये, त्यांच्या नावाचा कायदा झाला आणि परवानाधारक दुकानातून हत्यार घेणाऱ्याची पूर्वनोंद तपासणे बंधनकारक ठरले. नोव्हेंबर १९९८च्या अखेरीस ही तपासणी संगणकावर आली. वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे केंद्रीय अन्वेषण विभागाचे (एफबीआयचे) कर्मचारी बसतात आणि बहुसंख्य अर्जांचा निकाल ते काही मिनिटांत देतात. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये ही तपासणी स्वतःच्या यंत्रणेमार्फत करतात. अडचण उरलेल्या अर्जांची असते. अटकेची नोंद सापडते, पण खटल्याचे पुढे काय झाले ते लिहिलेले नसते. मग एखाद्या जिल्ह्याच्या न्यायालयात किंवा पोलिस ठाण्यात फोन करून जुने कागद शोधावे लागतात.

या शोधासाठी केंद्राच्या कायद्याने कामकाजाचे तीनच दिवस दिले आहेत. तेवढ्यात उत्तर आले नाही, तर विक्रेता हत्यार देऊ शकतो. मग तपासणी अपुरी राहिली, तरी विक्री कायदेशीर ठरते. २०१५ साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांचा जीव घेणाऱ्या तरुणाला पिस्तूल मिळाले ते याच फटीतून. त्याच्या अटकेची नोंद वेळेत हाती आली नाही आणि तीन दिवस उलटून गेले. ती तपासणी पूर्ण झाली असती, तर विक्री नाकारली गेली असती, हे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तत्कालीन संचालकांनी जाहीरपणे मान्य केले.

आता हीच यंत्रणा मार्च २०२०मध्ये उभी करून पाहा. त्या एका महिन्यात ३७ लाखांहून अधिक तपासण्यांची नोंद झाली. तपासणीचा आकडा म्हणजे विक्रीचा आकडा नव्हे, कारण परवान्यांच्या फेरतपासण्याही त्यात मोजल्या जातात. तरीही ही व्यवस्था सुरू झाल्यापासून तोवर एवढा मोठा महिना आला नव्हता. ज्या न्यायालयांतून जुने कागद मागवायचे, त्यांचेच कामकाज देशभर आक्रसले होते. दुकान उघडे ठेवायचे की बंद, यावर अमेरिका तावातावाने भांडत होती. उघड्या दुकानातील तपासणी पुरी होईल का, हे विचारणारे फार थोडे होते, आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच होता.

(दृश्य : लॉस एंजेलिस. ओस पडलेले महामार्ग, शेरीफ कार्यालयाची इमारत.)

लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पुढचा आठवडा गोंधळात गेला. २४ मार्चला काउंटीचे पोलिसप्रमुख, शेरीफ अ‍ॅलेक्स व्हिलान्युएव्हा यांनी बंदुकीची दुकाने अत्यावश्यक नाहीत असे सांगून ती बंद करण्याचा आदेश दिला. काउंटीच्या कायदा सल्लागारांचे मत वेगळे पडल्याने तो लगेच स्थगित झाला. गव्हर्नरांनी दुसऱ्या दिवशी निर्णय त्या त्या काउंटीच्या शेरीफवर सोपवला आणि २६ तारखेला व्हिलान्युएव्हा यांनी दुकाने पुन्हा बंद केली. आदेशांची ही ये-जा बाजूला ठेवली, तरी त्यांनी मांडलेला एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. एरवी कामाला आणि शाळेला जाणारी माणसे आता दिवसभर एकाच छपराखाली कोंडली गेली आहेत आणि अशा घरात नव्याने हत्यार येणे बरे नव्हे, असे ते म्हणाले होते. बंदूक दुकानातून निघून ज्या घरात जाणार, त्या घराचा विचार या वादात अधिकाराच्या खुर्चीवरून क्वचितच कोणी बोलून दाखवला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच ठोस होते. कॅलिफोर्नियात दोन व्यक्तींमधला खाजगी व्यवहारसुद्धा परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावा लागतो. जुलै २०१९पासून काडतुसे घेतानाही तपासणी होते. इंटरनेटवरून मागवलेली बंदूकसुद्धा दुकानात येऊनच ताब्यात घ्यावी लागते. म्हणजे दुकान बंद झाले, की हत्यार मिळवण्याचा कायदेशीर मार्गच उरत नाही. शिवाय राज्यात पैसे भरल्यानंतर दहा दिवस थांबावे लागते. १५ मार्चला रांगेत उभा राहिलेला माणूस २५ मार्चला हत्यार न्यायला यायचा होता, आणि नेमके त्याच सुमारास शटर खाली आले.

(दृश्य : वॉशिंग्टन. गृहसुरक्षा खात्याची यादी, पडद्यावर एक ओळ ठळक होते.)

निर्णायक ठरली ती ही ओळ. केंद्रीय गृहसुरक्षा खात्याच्या सायबर व पायाभूत सुविधा सुरक्षा संस्थेने १९ मार्चला अत्यावश्यक कर्मचाऱ्यांची पहिली यादी काढली, तेव्हा तिच्यात बंदुकीच्या दुकानांचा उल्लेख नव्हता. २८ मार्चच्या सुधारित यादीत हत्यारे आणि काडतुसे बनवणारे, आयात करणारे, वितरित करणारे, विकणारे आणि गोळीबाराची सराव मैदाने चालवणारे, असे सगळे कर्मचारी आले. वीजकेंद्रे, पाणीपुरवठा आणि रुग्णालये यांच्या पंगतीत सराव मैदानालाही पान मांडले गेले. यादी केवळ सल्लावजा आहे आणि ती कोणावरही बंधनकारक नाही, हे तिच्यातच लिहिले होते. शस्त्रउद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेने ही मागणी सरकारकडे लावून धरली होती. त्या संघटनेचे मुख्यालय तेव्हा कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथे होते. २०१२मध्ये ज्या सँडी हूक शाळेत वीस बालके आणि सहा कर्मचारी गोळीबारात मारले गेले, ती शाळा याच गावची.

सल्ल्याचा परिणाम आदेशासारखाच झाला. ३० मार्चला व्हिलान्युएव्हा यांनी बंदी मागे घेतली आणि न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनीही त्याच दिवशी, आगाऊ वेळ घेऊन येणाऱ्यांसाठी, दुकाने उघडू दिली.

पेनसिल्व्हेनियाने त्याआधीच वाट काढली होती. गव्हर्नर टॉम वुल्फ यांच्या दुकाने बंद ठेवण्याच्या आदेशाविरुद्धची याचिका तेथील सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्चला चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळली. असहमत न्यायमूर्तींपैकी डेव्हिड वेक्ट यांनी दाखवून दिले की, विक्रीसाठी दुकानात जावेच लागते असा कायदा असताना दुकान पूर्ण बंद करणे म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्कावरच बेमुदत बंदी घालणे होय. याचिका हरली, पण मुद्दा पटला असावा. दोनच दिवसांनी वुल्फ यांनी ठरावीक तासांत, वेळ ठरवून येणाऱ्यांना विक्री करण्याची मुभा दिली. मॅसॅच्युसेट्सने मात्र ताणून धरले. तेथे ७ मे रोजी बॉस्टनच्या केंद्रीय न्यायालयात न्यायाधीश डग्लस वुडलॉक यांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ, तासाला जास्तीत जास्त चार ग्राहक, अशी चौकट घालून दुकाने उघडण्याचा आदेश दिला. तासाला चार ग्राहक असले तर अंतर राखता येते आणि अर्जही नीट वाचून भरता येतो. सगळ्या देशाने पहिल्या दिवसापासून हीच रीत धरायला हवी होती.

(दृश्य : दुकानाबाहेरचे वाहनतळ. मोटारीच्या खिडकीतून दिलेला अर्ज.)

१० एप्रिलला केंद्राच्या शस्त्र नियंत्रण विभागाने आणखी एक मोकळीक दिली. दुकानाच्या आवारात, मोटारीत बसल्या बसल्या अर्ज भरून घ्यायलाही परवानगी मिळाली. विक्रेता मुखपट्टी बांधून खिडकीशी येतो, पाटीला लावलेला अर्ज आत देतो आणि ओळखपत्र घेऊन परत जातो. संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने ही सोय योग्यच होती. पण अनुभवी विक्रेता काउंटरवर समोरच्या माणसाशी चार वाक्ये बोलतो, त्याचे हात, त्याची घाई, त्याच्या तोंडाचा वास पाहतो, आणि मनाला पटले नाही तर विक्री नाकारतो. कायद्यात न लिहिलेली ही तपासणी मोटारीच्या काचेतून होणे कठीण आहे.

(दृश्य : व्हेंचुरा काउंटीचा किनारा, पॅसाडीना येथील अपील न्यायालय.)

व्हेंचुरा काउंटीत दुकाने ४८ दिवस बंद राहिली. तेथे सायकल दुरुस्तीची दुकाने चालू होती, बंदुकीची नव्हती. दाव्याचा निकाल लागेपर्यंत साथीच्या अनेक लाटा येऊन गेल्या. जानेवारी २०२२मध्ये कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या नवव्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने, न्यायाधीश लॉरेन्स व्हॅनडाइक यांच्या लेखणीतून, ही बंदी शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण देणाऱ्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा भंग करणारी ठरवली. लॉस एंजेलिसच्या ११ दिवसांच्या बंदीलाही तोच न्याय लावला. काउंट्यांचा आधार १९०५च्या जेकबसन खटल्याचा होता. देवीची लस नाकारणाऱ्या नागरिकाला झालेला पाच डॉलरचा दंड सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा कायम केला होता आणि साथीच्या काळात शासनाला व्यापक अधिकार असतात हे मान्य केले होते. व्हॅनडाइक यांचा निर्णय मार्चमध्ये विस्तारित पीठाने बाजूला ठेवला. जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात दुसऱ्या घटनादुरुस्तीसाठी नवी कसोटी घालून दिली, तेव्हा दोन्ही दावे खालच्या न्यायालयाकडे परत गेले. साथीत बंदुकीचे दुकान बंद करता येते का, यावर अपील न्यायालयाचा टिकणारा निर्णय या दोन दाव्यांतून तेव्हा मिळाला नाही.

दरम्यान २०२०मध्ये अमेरिकेत ४५,२२२ माणसे बंदुकीने मेली. आदल्या वर्षी हा आकडा ३९,७०७ होता, आणि निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे होते.

(दृश्य : वॉशिंग्टन. संसद भवन.)

टेक्सासने २०२१मध्ये कायदा करून आपत्तीच्या काळात बंदुकीची दुकाने बंद करण्याचा अधिकारच काढून घेतला. तपासणीची बाजू मात्र थोडीच हलली. २५ जून २०२२ रोजी अध्यक्ष जो बायडेन यांनी सही केलेल्या कायद्याने एकवीस वर्षांखालील खरेदीदाराच्या नोंदीत शंकास्पद काही आढळल्यास तपासणीला कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत मुदत मिळाली. बाकीच्यांसाठी केंद्राची मुदत तीन दिवसांचीच राहिली. ती सर्वांसाठी वाढवण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारी २०१९मध्ये संमत केले होते. कल्व्हर सिटीत रांग लागली, तेव्हा ते सिनेटमध्ये पडून होते. मार्च २०२१मध्ये प्रतिनिधिगृहाने ते पुन्हा संमत केले आणि सिनेटने पुन्हा हात लावला नाही. दुकाने अत्यावश्यक मानायची असतील, तर हे विधेयक संमत करण्याची जबाबदारी आधी सिनेटची आहे.