छप्पर मिटलं पाहिजे: पॉप-अप कॅम्परवर आम्ही केलेली कामं

(दृश्य: पहाट. पिकअपच्या पाठीवर बसलेला बुटका कॅम्पर. छप्पर हळूहळू वर जातंय, बाजूचं कापड ताणलं जातंय.)

हे बघा, हे छप्पर आत्ता वर जातंय ना, एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही हा कॅम्पर, म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसणारी राहायची खोली, घेतला. खाली असताना ट्रकच्या केबिनपेक्षा थोडासाच उंच, त्यामुळे वाऱ्याला कमी अडतो, वळणावर कमी डोलतो, फांद्यांखालून जातो, आणि मुक्कामाला पोचलं की कड्या सोडायच्या, छप्पर ढकलायचं, आत माणूस सरळ उभा राहतो. खालचा अर्धा भाग पक्क्या भिंतीचा, वरचा अर्धा कापडाचा. तंबू आणि खोली यांच्या मधलं काहीतरी म्हणा.

पण हीच गोष्ट काम करताना सारखी आडवी येते. पक्क्या भिंतींच्या कॅम्परमध्ये तुम्ही कुठेही कपाट ठोका, ऊब टिकवणारं जाड इन्सुलेशन कुठेही लावा, चालून जातं. इथे तसं नाही, इथे जे काही लावाल ते मिटलं पाहिजे, नाहीतर मिटणाऱ्या भागाच्या वाटेत आलं नाही पाहिजे, आणि छपरावर लावलं असेल तर ते रोज सकाळ-संध्याकाळ हाताने उचलता आलं पाहिजे. दोन वर्षं मी आणि दादा यावर काम करतोय, आणि जी जी कामं परत काढून फेकावी लागली ती सगळी या एका गोष्टीचा विसर पडला म्हणून.

(दृश्य: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर.)

कामाला लागण्याआधी हे स्टिकर वाचा. बऱ्याच पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर ते असतं, माणसं आणि सामान मिळून ट्रक किती वजन घेऊ शकतो ते त्यावर लिहिलेलं असतं. त्यातून कॅम्परचं वजन वजा करा, तुमचं स्वतःचं करा, पाणी करा. पाण्याचा हिशोब सोपा, १ लिटर म्हणजे १ किलो, ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो गेले. मग जे उरतं तेवढ्यातच सगळे अपग्रेड बसवायचे असतात, आणि ते उरतं ना, ते फार कमी उरतं. आम्ही रिकामा कॅम्पर चढवून वजनकाट्यावर गेलो, मग सगळं सामान भरून परत गेलो, आणि पुढच्या आणि मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं घेतलं. जड वस्तू मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे गेली की ट्रकचं नाक हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात तरंगायला लागतं.

(दृश्य: छपराची पुढची कड. पत्र्याची पट्टी निघतेय, खाली काळं पडलेलं लाकूड.)

पहिलं काम मात्र पाण्याच्या गळतीचंच निघालं, आणि ते कुणालाच करावंसं वाटत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. आम्हीही आधी सोलरच्या वायरी काढून बसलो होतो. दादा झोपायच्या फळीवर चढला, पुढच्या कोपऱ्यात हात लावला आणि म्हणाला, "अरे, हे मऊ लागतंय." बारीक स्क्रूड्रायव्हर टेकवला तर टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. बाहेरून एक डाग नाही. कडेची पट्टी काढल्यावर कळलं, आधीच्या मालकाने गळतीवर सिलिकॉन फासलं होतं, त्याच्यावर परत सिलिकॉन, आणि पाणी त्या थराखालून निवांत आत जात होतं.

सिलिकॉनबद्दल एवढंच सांगतो, छपराच्या सांध्यावर ते लावू नका. एकदा लागलं की त्याची पातळ साय मागे राहते आणि तिच्यावर नंतर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, सिलिकॉनवर सिलिकॉनसुद्धा नाही. आम्ही ते प्लास्टिकच्या पातीने खरवडलं, स्पिरिटने पुसलं, परत खरवडलं, एका कडेला अख्खी दुपार गेली. मग कुजलेलं लाकूड चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढलं, आणि तसंच उघडं ठेवलं. भरायची घाई केली नाही. ओलं लाकूड आत बंद केलं की कुजणं चालूच राहतं, म्हणून पंखा लावून ८ दिवस वाळवलं. त्यानंतर नवीन पट्टी ग्लू आणि स्क्रूने बसवली, तिच्यावर ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरासारखी पट्टी), टेपवर पत्र्याची पट्टी, आणि स्क्रू एका दमात न आवळता थोडे थोडे. ब्युटाइल हळूहळू दबतं आणि कडेने बाहेर येतं, दुसऱ्या दिवशी परत आवळायचं, बाहेर आलेलं कापून टाकायचं. छपरावरच्या स्क्रूच्या डोक्यांवर स्वतःहून पसरणारं लॅप सीलंट. पत्रा ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू स्टीलचे असतील तर मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा त्या कामाचं ग्रीस घाला, नाहीतर ओल लागली की दोन धातूंच्या भांडणात ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

(दृश्य: दोन्ही हातांनी छप्पर वर ढकलणारा दादा. एका कोपऱ्यात गॅस स्ट्रट.)

मग सोलर. १०० वॉटचे दोन कडक पॅनल, फ्रेम आणि वायर धरून १६ किलो. खाली जमिनीवर १६ किलो काहीच वाटत नाहीत, पण हे वजन आता रोज डोक्याच्या वर उचलायचं होतं, आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की मला एकट्याला छप्पर वर जात नाही. लवचिक पॅनल हलके असतात हे माहीत होतं, पण ते छपराला चिकटून बसतात, खालून हवा खेळत नाही, तापतात, आणि तापलेला पॅनल कमी वीज देतो. म्हणून कडकच ठेवले, खाली दोन बोटांची जागा सोडली, आणि उचलायला गॅस स्ट्रट लावले, गाडीची डिकी उचलून धरणारे असतात तेच.

स्ट्रट निवडणं वाटतं तितकं सोपं नाही, इथे थोडं थांबूया. त्याचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो, ढोबळमानाने १० न्यूटन म्हणजे १ किलो उचलायची ताकद. पण स्ट्रट तिरका बसतो, छप्पर खाली असताना तो जवळजवळ आडवा असतो, तेव्हा त्याचा बराचसा जोर बाजूला जातो आणि वर उचलायला थोडाच मिळतो, आणि आपल्याला मदत हवी असते ती नेमकी तेव्हाच. मग माणूस म्हणतो जास्त जोराचा घेऊ. आम्हीही तेच केलं. छप्पर छान वर गेलं, आणि खाली येईना. दोघं लटकलो तेव्हा आलं, आणि वर असताना कापडाच्या वरच्या शिवणीवर सतत ताण, टाके उघडून भोकं दिसायला लागली. तो जोडा काढला, कमी जोराचा आणला, आणि खालचं टोक जिथे बसतं तो ब्रॅकेट सरकवून सुरुवातीचा कोन थोडा उभा केला. आता एका हाताने जातं. थंडीत जरा जास्त ढकलावं लागतं, कारण आतल्या गॅसचा दाब थंडीत उतरतो, २५ अंशांवरून शून्यावर आलं की ८ टक्क्यांच्या आसपास जोर कमी होतो. म्हणून स्ट्रटची परीक्षा उन्हात घेऊ नका.

छपरावरून येणारी वायर हीसुद्धा फक्त पॉप-अपचीच अडचण. छप्पर वरखाली होतं म्हणजे वायरही वरखाली होणार, आणि कापडाच्या घडीत ती चिमटली की एक दिवस आतून तुटणार किंवा वरचं आवरण सोलून शॉर्ट होणार. आम्ही बारीक तारांची लवचिक केबल घेतली, कोपऱ्यात सैल वेढा ठेवला, आणि छप्पर खाली येताना तो वेढा कपाटावर पडेल, कापडात नाही, अशी क्लिप लावली. पंधरा-वीस वेळा उघडझाप करून टॉर्चने बघितलं, मगच पॅनल जोडले.

बॅटरी आधी लेड ॲसिड होती, १०० अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), ३० किलोच्या आसपास, आणि ती टिकायला हवी असेल तर अर्धीच वापरायची. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२ किलोच्या आसपास, आणि जवळजवळ सगळी वापरता येते, म्हणजे वजन निम्म्याहून कमी आणि वापरता येणारी वीज दुपटीच्या जवळ. या एका बदलाने सोलरचं वजन फेडून टाकलं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आत कायमचं नुकसान होतं, म्हणून आम्ही ती बाहेरच्या पेटीतून काढून आत सीटखाली आणली. आणि ट्रकच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राला, थेट जोडायची नाही, ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापतो, मध्ये करंट आवरून धरणारा डीसी टू डीसी चार्जर हवाच. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभराच्या आत, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं.

एक महिना आम्हाला छळलं ते फ्रिजने. रात्री आपोआप बंद, सकाळी बॅटरी बघावी तर अर्ध्याहून जास्त भरलेली. फ्रिज बदलायच्या गोष्टी चालू झाल्या होत्या. शेवटी दादाने मल्टिमीटर आधी बॅटरीवर लावला आणि मग फ्रिजच्या प्लगवर, कॉम्प्रेसर चालू असताना, आणि दोन आकड्यांत चांगलाच फरक. वायर बारीक होती. १२ व्होल्टला वायरीतली ही घट फार जाणवते: २.५ चौरस मिलिमीटरची वायर, ५ मीटर जायचं आणि ५ मीटर यायचं, १० अँपिअर करंट, ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटरची घातली की ०.३. वायर बदलली, टोकांचे दाबून बसवलेले जोड (क्रिम्प) नव्याने केले, फ्रिज परत कधी बंद पडला नाही. दिवे एलईडी केले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एका संध्याकाळचं काम आहे आणि करूनच टाका.

(दृश्य: सकाळ. कापडाच्या आतून ओघळणारे थेंब, हात फिरवल्यावर ओली रेघ.)

आता हे थेंब बघा. ही गळती नाही, हे आमचंच पाणी आहे. श्वासातलं, स्वयंपाकाच्या वाफेतलं, आणि आत उघड्या ज्योतीवर गॅस जळत असेल तर त्यातलंही, १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाणी तयार होतं. बाहेर गारठा, कापड पातळ, मग ते सगळं कापडावर येऊन बसतं. तिसऱ्या दिवशी गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलं आणि कोपऱ्यात बुरशी. गादीखाली आता जाळीदार मॅट आहे, खालून हवा जाते. आणि डिझेल हीटर बसवला, त्याची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो, आत फक्त कोरडी गरम हवा. धुराचा पाइप कापडापासून लांब आणि दाराच्या उलट्या बाजूला काढलाय, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे, आणि एवढं करूनही छपराचा व्हेंट (हवा जायचं झाकण) झोपताना बोटभर उघडाच ठेवतो. ऊब जाते थोडी, जाऊ दे.

आतून कापडाला अस्तर लावायचं ठरलं तेव्हा मी जाड फोम घेतला, १२ मिलिमीटरचा. रात्री काय सुंदर ऊब होती. सकाळी छप्पर खाली घेतलं, आणि कडी लागायला चार बोटं कमी. घडीवर घडी, प्रत्येक घडीत दोनदा फोम, कोपऱ्यात तर चारदा. जोर लावून दाबून बसवलं असतं तर पुढची कडी तुटली असती किंवा नवीन बसवलेली लाकडी पट्टी वाकली असती. सगळं काढलं. आता जे आहे ते पातळ कापडात शिवलेलं ५ मिलिमीटरचं आहे, तुकड्या-तुकड्यांचं, टिचबटणांवर टांगलेलं, सकाळी काढून गादीवर सपाट पसरायचं. त्या फोमइतकी ऊब येत नाही हे खरंय. पण काढायला २ मिनिटं लागतात, आणि कडी लागते.

(दृश्य: सामान आवरलेलं. दादा बाहेर, मी आत.)

निघायच्या वेळेचं काम सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारं आहे. कापडाच्या मधोमध बाहेरून एक इलॅस्टिकची दोरी फिरवली आहे, छप्पर खाली यायला लागलं की ती कापडाला आत ओढते, नाहीतर पूर्वी दोघांपैकी एक जण चारी बाजूंनी फिरून कापड आत कोंबत बसायचा आणि तरीही एखादं टोक कडेत सापडायचंच. दार थोडं उघडं ठेवायचं, म्हणजे आतली हवा निघून जाते, कापड फुग्यासारखं बाहेर येत नाही.

"व्हेंट?"

"बंद."

"वायर?"

"कपाटावर आहे. घे खाली."

छप्पर येतं. चार कोपरे, चार कड्या, प्रत्येक कडी लावल्यावर हाताने ओढून बघायची, नुसती बघून नाही. मग खाली ट्रकच्या हौद्यातले टर्नबकल, कॅम्परला ट्रकला धरून ठेवणारे, त्यांना बोटाने हलवून बघायचं. रबराच्या मॅटवर कॅम्पर बसलाय तरी रस्त्यावर तो थोडा दबतो, म्हणून पहिल्या ५० किलोमीटरनंतर परत थांबायचं, उतरायचं, परत आवळायचं. आज दादा म्हणाला उजवीकडच्या टर्नबकलने पाव फेरा घेतला.