माझ्याकडं तर चालतंय!

विषय दिलाय, पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम लोकांपर्यंत कसे पोचवायचे. त्यावर बोलणारच आहे. पण आधी मोंढ्यातलं एक सांगतो, ते पोटात ठेवून मला पुढं बोलता येत नाही.

एका अडत्याला मी पट्टीचा प्रोग्रॅम लिहून दिला. सोयाबीनचे कट्टे, वजन, भाव टाकला की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात पट्टी. माझ्या लॅपटॉपवर झकास. पेन ड्राइव्ह खिशात घालून दुकानात गेलो. दिवाणजींनी डबल क्लिक केलं, तर विंडोजच विचारतंय, ही फाइल कशानं उघडू? दिवाणजी म्हणाले, “सर, हे आम्हालाच विचारायलंय की!”

म्हटलं, पायथॉन टाकू. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नवंकोरं उतरवलं. ते म्हणे, विंडोज ७ वर बसणार नाही. खरंच आहे, ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. तेवढ्यात बाहेर सौदा सुरू झाला, हमाल मापासाठी खोळंबले, मालक हसून म्हणाले, “राहू द्या, आज हातानंच लिहितो.” ते हसले नसते तर बरं झालं असतं.

मग पायइन्स्टॉलर. तुमचा कोड, लागणाऱ्या लायब्रऱ्या (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आणि खुद्द पायथॉन, सगळं एकत्र बांधून देतं. माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, उबुंटू. त्यामुळं ईएक्सई, म्हणजे विंडोजवर डबल क्लिकनं चालणारी फाइल, निघेना. हे साधन ज्या सिस्टिमवर चालवाल तिच्यासाठीच बांधतं. मित्राच्या विंडोजवर बांधलं, तर त्याचं मशीन ६४ बिटचं, दुकानातलं ३२, तिथं ते चालेना. पुन्हा हात हलवत परत. चौथ्या खेपेला काळी खिडकी उघडली आणि मिटली. फॉन्टचं फोल्डर आतच गेलं नव्हतं! कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते हे साधन कोडातल्या इंपोर्टच्या ओळींवरून हुडकतं. फॉन्ट, चित्रं, टेम्प्लेट आपण सांगावी लागतात. पाचव्यांदा सगळं बरोबर होतं, तर अँटिव्हायरसनं फाइलच गिळली.

तुमच्यातल्या किती जणांच्या घरी लग्नात येसर होतं? हात वर करा. बघा, मागची रांग जागी झाली! धान्य-डाळी भाजून, मसाल्यासकट दळून ठेवलेलं. ऐनवेळी पाण्यात कालवलं, उकळी आली की आमटी तयार. कुणी पाहुण्याला म्हणतं का, आधी धने भाजून या? ‘आधी पायथॉन टाका, मग लायब्रऱ्या उतरवणारं पिप चालवा’ हे मला तसंच वाटतं. चूल आणि पाणी मात्र ज्याचं त्याचं. म्हणजे विंडोज कुठलं, किती बिटचं, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं.

सर घड्याळ दाखवतायत. मुख्य मुद्दे आता पळतच सांगतो. एकच ईएक्सई दिसायला छान, पण दरवेळी ती तात्पुरत्या फोल्डरात सुटते, मग चालते. म्हणून उघडायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरसला संशयही जास्त येतो. फोल्डरच द्या, वर शॉर्टकट ठेवा. समोरच्याकडं पायथॉन असेलच तर सगळा कोड एका फाइलीत बांधणारं झिपॲप पुरे, ते ३.५ पासून सोबतच येतं. व्हील, म्हणजे पिपनं बसवायचं पॅकेज, ही प्रोग्रॅमरनं प्रोग्रॅमरला द्यायची वस्तू, दिवाणजींना नको. बांधायला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे फक्त याच प्रोग्रॅमच्या लायब्रऱ्यांची वेगळी जागा, करा, नाहीतर नको त्या लायब्रऱ्याही पोत्यात जातात. आवृत्त्या लिहून ठेवा. आणि जुन्यातल्या जुन्या मशीनवर बांधा. मी शेवटी तेच केलं, ३.८, ३२ बिट, त्याच दुकानात बसून.

आता प्रश्न विचारा. फक्त मॅकचा विचारू नका, आमच्या मोंढ्यात तो अजून आलेला नाही.