अंगणातला सॉकेट: अडीचची वायर की चारची?

श्रोतेहो, घराबाहेर पंपासाठी, गाडी धुण्याच्या यंत्रासाठी किंवा अलीकडे विजेवरच्या गाडीच्या चार्जिंगसाठी सॉकेट बसवायचा ठरला की ‘अडीचची वायर चालेल की चारची लागेल’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो. अडीच म्हणजे तांब्याच्या तारेच्या छेदाचे अडीच चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ. उपकरणावर छापलेले वॅट पाहून उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह गेला की आपोआप वीज तोडणारा (‘पडणारा’) स्विच, आणि वायर जाणार आहे ती वाट पाहिल्याशिवाय ते उत्तर पुरे होत नाही.

एमसीबी मुळात वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून उपकरणाचा प्रवाह एमसीबीच्या आकड्याहून जास्त नसावा, आणि एमसीबीचा आकडा वायरीच्या क्षमतेहून जास्त नसावा. 3.3 किलोवॅटचा चार्जर 230 व्होल्टवर साधारण 14.3 अँपिअर घेतो, आणि तेही कित्येक तास सलग. त्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट व 16 चाच एमसीबी येतो. भिंतीवरच्या पाइपातून नेलेल्या पीव्हीसी आवरणाच्या अडीचच्या वायरीला वायरींच्या क्षमतेचा तक्ता 24 अँपिअर देतो, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. परंतु हा तक्ता भोवतालचे तापमान 30 अंश आणि पाइपात एकच सर्किट असे धरून केलेला असतो. अकोल्याच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांसाठी 0.79 ने, आणि त्याच पाइपात दुसरे सर्किट असेल तर पुन्हा 0.8 ने गुणावे लागते. 24 चे जेमतेम 15 उरतात. म्हणजे प्रवाह 15 च्या वर गेला तरी 16 चा एमसीबी पडणार नाही आणि वायर मात्र मर्यादेपलीकडे तापत राहील. चारच्या वायरीचे 32 अँपिअर याच गुणाकाराने 20 होतात, म्हणून तिथे चारचीच घ्यावी.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून, वायर तीच ठेवून, त्या जागी 25 किंवा 32 चा बसवून देणे ही आपल्याकडची लोकप्रिय दुरुस्ती आहे. ती करणाऱ्याला मी वायरमन म्हणणार नाही.

अंतराचा हिशेब वेगळा करावा लागतो. 16 अँपिअरवर 30 मीटर अंतरासाठी अडीचच्या वायरीत सुमारे 8.6 व्होल्ट वाटेतच कमी होतात, चारच्या वायरीत 5.3. मीटरपासून सॉकेटपर्यंत एकूण घट 5 टक्क्यांच्या, म्हणजे साडेअकरा व्होल्टच्या आत असावी, असे धरतात. तेव्हा 30 मीटरला अडीचची कशीबशी बसते, 50 मीटरला 14.4 व्होल्ट गेल्याने बसत नाही. ज्या गावात संध्याकाळी मुळातच 200 व्होल्ट येतात, तिथे ही घट पंपाच्या मोटरीला सोसत नाही. ती जास्त प्रवाह ओढते आणि तापते.

कोकणात आणि गोव्यात मुख्य शत्रू पाऊस. प्लग लावलेला असतानाही झाकण बंद राहील असा, आयपी 55 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) किंवा त्याहून वरच्या दर्जाचा सॉकेट घ्यावा. जमिनीखालून जायचे असेल तर आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, केबल 75 सेंटिमीटर खोल पुरावी. साधी फ्लेक्सिबल वायर कुंपणावरून सोडून देणे हे तात्पुरत्या मांडवापुरतेही बरे नाही.

अर्थिंगची तार फेजच्याच जाडीची न्यावी आणि या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, असावाच. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह एमसीबी पाडण्याइतका कधीच नसतो. तो आरसीसीबी ओळखतो. उलट जादा भार आरसीसीबीला कळत नाही, त्यामुळे दोन्ही लागतात, किंवा दोन्ही कामे करणारा आरसीबीओ लागतो. हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून करवावे, आणि इन्सुलेशन व अर्थिंगच्या चाचणीत आलेले आकडे त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.